भिंगावरचा दुसरा आकडा

आमच्या लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप आला तेव्हा खोक्यावर ठळक '२०००×' छापलेलं होतं. ऑब्जेक्टिव्ह जुन्यासारखंच, १००/१.२५, फक्त दहाऐवजी वीसचे आयपीस. मलेरियाच्या स्लाइडवर फॅल्सिपेरमच्या कड्या मोठ्या दिसू लागल्या खऱ्या, पण क्रोमॅटिनचा ठिपका एक की शेजारी शेजारी दोन, हे जुन्या आयपीसमधून जिथे ठरत नव्हतं तिथे इथेही ठरेना. धूसरपणाच तेवढा मोठा झाला.

याचं कारण जेनाच्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ सालीच सांगून ठेवलं आहे. दोन बिंदू वेगळे दिसायला किमान जे अंतर लागतं, ते म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अपर्चरची, म्हणजे भिंगावर तिरप्या रेघेनंतर छापलेल्या आकड्याची, दुप्पट. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात ४०/०.६५ च्या भिंगाला ते सुमारे ४२० नॅनोमीटर येतं, १००/१.२५ ला २२०. मॅग्निफिकेशन या सूत्रात कुठेच नाही. तेव्हा मायक्रोस्कोप घेताना भिंगावरचा दुसरा आकडा वाचा. एकूण मॅग्निफिकेशन त्याच्या हजारपटीपलीकडे नेण्यात पैसे घालू नका.

तो आकडा पदरात पडतोच असंही नाही. स्लाइड आणि भिंग यांच्यामध्ये हवा असेल, तर अपर्चर १ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून काचेइतक्याच, १.५१५ च्या आसपास वक्रीभवनांकाचं तेल लागतं. पण मला खरी काळजी वाटते ती कंडेन्सरची. लघवी तपासताना तो खाली घेतात, आयरिस मिटतात. न रंगवलेल्या पेशींना त्याने उठाव येतो, ते योग्यच. मात्र त्यानंतर रंगवलेला स्मिअर लावला, तरी तो तसाच खाली राहतो. अंतराच्या हिशोबात दुपटीच्या जागी खरं तर भिंग आणि कंडेन्सर या दोघांच्या अपर्चरची बेरीज धरतात. कंडेन्सरकडून ०.३ च मिळालं, तर २२० चे ३५५ नॅनोमीटर होतात, आणि महागडं भिंग निम्मं वाया जातं.

ऑइलखाली बघताना कंडेन्सर वर न्या, आयरिस उघडा. एकदा आयपीस काढून नळीत डोकावा: भिंगाचं मागचं वर्तुळ जवळजवळ पूर्ण उजळलेलं दिसलं पाहिजे. उजेड डोळ्यांना बोचत असेल तर दिवा मंद करा, आयरिसला हात लावू नका. तेल लावल्यावर चाळीसचं कोरडं भिंग त्या थेंबावरून फिरवू नका. चुकून माखलंच, तर पुढची स्लाइड लावण्याआधी लेन्स पेपरने पुसून घ्या.