मानसिक आरोग्यसेवेचे नियोजन : रुग्ण आणि काळजीवाहकांचा सहभाग

सेवा ज्यांच्यासाठी आहे, त्यांना तिच्या नियोजनात स्थान असावे, हे तत्त्व मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने स्वीकारले. २९ मे २०१८ रोजी अंमलात आलेल्या या अधिनियमाने १९८७ चा कायदा निरसित केला. कलम १९ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे. केंद्रीय व राज्य प्राधिकरणांवर रुग्णांचे दोन आणि काळजीवाहकांचे दोन प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. ही विभागणी महत्त्वाची आहे. रुग्णाला उपचाराबाबत स्वतःचा निर्णय हवा असतो, तर काळजीवाहकाला आधार व विसावा. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून पूर्णपणे मांडले जात नाही. मात्र केवळ नामनिर्देशन म्हणजे सहभाग नव्हे. प्रतिनिधींना सुबोध माहिती, प्रवासखर्च आणि निर्णयापूर्वी बोलण्याची संधी मिळाली, तरच या तरतुदीला अर्थ प्राप्त होईल.