हायड्रॉलिक क्विक कपलिंगची निवड व खरेदी

उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली या तालुक्यांत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे आता नवलाईची राहिलेली नाहीत. शेतात खत नेणारी व माती-खडी वाहणारी ट्रॅक्टरची उलटती ट्रॉली, जांभ्या दगडाच्या सड्यावर खोदकाम करणारे यंत्र, डिचोलीच्या लोहखनिज पट्ट्यातील खडक फोडणारा ब्रेकर, या सर्वांना जोडणारा एक लहानसा भाग समान असतो. तो म्हणजे क्विक कपलिंग. पाना न लावता, हाताने क्षणात जोडता व सोडवता येणारा हा नळीचा जोड यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असतो. म्हणूनच त्याची खरेदी बहुधा निष्काळजीपणे होते. ‘बसला म्हणजे चालला’ हा समज यंत्रालाही घातक आहे आणि माणसालाही.

डिचोलीतील खाणकाम २०१२ साली व पुन्हा मार्च २०१८ पासून थांबले होते. २०२४ मध्ये डिचोली खनिजपट्ट्यात ते पुन्हा सुरू झाले. असा दीर्घ खंड पडला की उघड्यावर उभ्या असलेल्या यंत्रांचे जोड कोकणच्या पावसात गंजतात. पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॉलीची गतही निराळी नसते. अशा वेळी नवा जोड घेताना पुढील गोष्टी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

जोडाची रचना

क्विक कपलिंगचे नर व मादी असे दोन भाग असतात. मादी भागात पोलादी छर्रे असतात. ते नर भागावरील खाचेत उतरतात आणि बाहेरील सरकते कडे त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. दोन्ही भागांत स्प्रिंगवर बसविलेली एकेक झडप असते. भाग जुळले की झडपा एकमेकींना मागे ढकलून तेलाला वाट देतात आणि सुटले की आपोआप मिटतात. झडपा पुरत्या उघडणे व पुरत्या मिटणे यातच जोडाचे सारे कार्य सामावलेले आहे.

प्रकार व प्रमाण

सर्व जोड परस्परांशी जुळत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रमाण आय.एस.ओ. ७२४१ मध्ये ‘ए’ व ‘बी’ अशा दोन मालिका आहेत. ‘ए’ मालिका मुख्यतः शेतीच्या यंत्रांवर, तर ‘बी’ मालिका कारखान्यांतील यंत्रांवर आढळते. एका मालिकेचा नर भाग दुसऱ्या मालिकेच्या मादी भागात बसत नाही. ट्रॅक्टरसाठी आय.एस.ओ. ५६७५ हे स्वतंत्र प्रमाण असून १२.५ मिलिमीटर मापात ‘ए’ मालिकेचा जोड त्याच्याशी जुळतो. ट्रॉलीच्या मालकाने याच मापाची व प्रमाणाची मागणी नावानिशी करावी.

उत्खनन यंत्राच्या जोडणीसाठी आय.एस.ओ. १६०२८ प्रमाणाचा सपाट तोंडाचा जोड अधिक सोयीचा असतो. त्याच्या तोंडाला खळगा नसल्याने तांबडी माती साचत नाही, फडक्याने पुसताच ते स्वच्छ होते आणि सोडवताना तेल जवळजवळ सांडत नाही. ब्रेकरसारख्या सतत हादरे देणाऱ्या साधनास आट्यांनी आवळला जाणारा जोड उचित ठरतो, कारण हादऱ्यांनी छर्रे व त्यांच्या खाचा झिजतात.

दाब व प्रवाह

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेतील दाब साधारणतः दर चौरस सेंटीमीटरला १५० ते २०० किलोग्रॅम, तर मोठ्या उत्खनन यंत्रातील दाब ३०० ते ३५० किलोग्रॅमपर्यंत असतो. यंत्राच्या पुस्तिकेतील रिलीफ व्हॉल्व्हचा दाब पाहून त्याहून अधिक कार्यदाबाचा जोड घ्यावा. काही वेळा विक्रेता फुटण्याचा दाब सांगतो. तो कार्यदाबाच्या कित्येक पट असतो व त्यावर निवड करू नये. नळी, आट्यांचा तुकडा व जोड यांत जो सर्वांत दुबळा, त्याचीच क्षमता साऱ्या मार्गाची क्षमता मानावी.

प्रवाहाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. मिनिटाला ४५ लिटर तेल १२.५ मिलिमीटर व्यासाच्या वाटेतून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर असतो. तेच तेल १० मिलिमीटरच्या वाटेतून सुमारे साडेनऊ मीटर वेगाने धावते. वेग वाढला की दाबाची हानी त्याहून वेगाने वाढते. या प्रवाहात जोडापाशी १० किलोग्रॅम दाब वाया गेला, तर सुमारे एक अश्वशक्ती केवळ तेल तापविण्यात खर्ची पडते. लहान माप घेऊन केलेली बचत अशा रीतीने डिझेलमधून वसूल होते.

आट्यांचा घोटाळा

जोडाचे माप आणि त्याच्या मागील आट्यांचे माप या दोन भिन्न बाबी आहेत. बाजारात बी.एस.पी., एन.पी.टी. व मेट्रिक असे आटे मिळतात. अर्धा इंच मापात बी.एस.पी. व एन.पी.टी. या दोहोंत इंचाला १४ आटे असतात. त्यामुळे एक दुसऱ्यात काही फेरे सहज जातो व खरेदीदार फसतो. वस्तुतः पहिल्याचा कोन ५५ अंश व दुसऱ्याचा ६० अंश असतो. बाह्य व्यासही अनुक्रमे सुमारे २०.९६ व २१.३४ मिलिमीटर असे भिन्न असतात. अशी जोडणी टेप गुंडाळूनही दाबाखाली गळते, किंवा जोर लावता चिरते. जुना भाग सोबत न्यावा आणि व्हर्नियर व आटेमापकाने माप घ्यावे.

धातू व रबर

जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद बहुतेक कामांस पुरेसे आहे. केरी, हरमल, मोरजी यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत खारी हवा मुलामा लवकर खाते. तेथे कायम उघड्यावर राहणाऱ्या यंत्रास गंजरोधक पोलादाचा जोड, महाग असला तरी, विचारात घ्यावा. खनिज तेलासाठी नायट्राईल रबराची सील योग्य आहे. तेल फार तापत असल्यास व्हिटॉन घ्यावे. ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते, म्हणून ते येथे वर्ज्य समजावे. दोन्ही भागांची धूळटोपणे जोडासोबतच खरेदी करावीत.

वापरातील धोके

जोड अर्धवट बसल्यास झडपा पुरत्या उघडत नाहीत. मग ट्रॉली वर जाते, पण परतणाऱ्या तेलाच्या रेट्याने झडप मिटते व ट्रॉली वरच अडकते. अशा वेळी खाली शिरून जोड ढिला करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. आधी ट्रॉलीस भक्कम टेका द्यावा आणि नंतरच दुरुस्तीस हात घालावा.

उन्हात तापलेल्या बंद नळीत दाब साठतो. जोडाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटीमीटर व अडकलेला दाब १०० किलोग्रॅम धरला, तरी २०० किलोग्रॅमचा जोर हाताविरुद्ध उभा राहतो. हातोड्याने ठोकल्यास तोंड बिघडते. ट्रॉली खाली उतरवून व इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंस हलवावा, म्हणजे दाब उतरतो. वारंवार हीच अडचण येत असेल, तर दाबाखाली जोडता येणारा विशेष प्रकार घ्यावा.

बारीक गळती बोटाने कधीही चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसते, वेदनाही आरंभी थोडी असते, परंतु काही तासांत हात गमावण्याची पाळी येऊ शकते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी. अपघात घडल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि दाबाखालील तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

खरेदीपूर्वी

म्हापसा वा डिचोलीच्या बाजारात जाण्यापूर्वी एका कागदावर सात बाबी लिहून न्याव्यात : प्रमाण व मालिका, जोडाचे माप, आट्यांचा प्रकार, कार्यदाब, मिनिटाचा प्रवाह, तेलाचा प्रकार आणि यंत्र कोठे उभे राहते. दुकानात जोड दहा वेळा जोडून-सोडवून पाहावा. कडे अडखळू नये, झडप दाबून सोडताच परत यावी आणि अंगावर उत्पादकाचे नाव व माप कोरलेले असावे. शक्यतो दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे घ्यावेत. एवढी दक्षता घेतल्यास ऐन हंगामात यंत्र अडून राहणार नाही आणि ते चालविणाऱ्याचा हातही सुरक्षित राहील.