मुंगीचे सोंग घेणारे कोळी

आंब्याची पाने जोडून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेलगत कधी कधी त्यांच्यासारखाच एक प्राणी वावरताना आढळतो. त्याचे पाय मोजले असता ते सहा नसून आठ भरतात. तो मुंगी नव्हे, कोळी होय. आणि तोही उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या सॉल्टिसिडी कुलातील. सहा हजारांहून अधिक जाती असलेले हे कुल कोळ्यांच्या गणात सर्वांत मोठे आहे.

आठ डोळे व त्यांपैकी समोरची मधली जोडी विशेष मोठी, ही या कुलाची खूण मुंगीसदृश कोळ्यातही लपत नाही. बाकीची ठेवण मात्र विलक्षण आहे. कोळ्याच्या शरीराचे शिरोवक्ष व उदर असे दोनच भाग असतात. या कोळ्याचे शिरोवक्ष मध्येच आवळलेले असल्यामुळे डोके निराळे असल्याचा भास होतो, आणि उदराला जोडणारा देठ लांबट असल्याने मुंगीची बारीक कंबरही साधते. कोळ्याला मिशा नसतात. ती उणीव पुढचे पाय उचलून हवेत हलविल्याने भरून निघते. उडी त्याला येते, पण तो ती क्वचितच मारतो. मारली तर सोंग उघडे पडावयाचे!

मुंगीच्या चाव्याला भिणारे शत्रू या रूपामुळे दूर राहतात. खुद्द मुंग्यांच्या तावडीत सापडल्यास मात्र त्याची धडगत नसते. म्हणून तो त्यांच्याजवळ राहूनही त्यांचा स्पर्श कटाक्षाने टाळतो.

मादीचे जबडे आखूड असतात. नराचे इतके लांब व पुढे आलेले असतात, की एखादी मुंगी तोंडात ओझे धरून चालली आहे असे वाटावे. ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी १८६९ मध्ये सिलोनमधील या जातीचे वर्णन ‘साल्टिकस प्लाटालिऑइडिस’ या नावाने केले. ‘प्लाटालिया’ हे चमच्यासारख्या चोचीच्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव होय. पुढे ही जाती ‘मिर्माराक्ने’ वंशात गेली. २०१६ मध्ये पोलिश शास्त्रज्ञ येझी प्रुशिन्स्की यांनी जननेंद्रियांच्या रचनेवरून तो वंश विभागला व तिला ‘मिर्माप्लाटा’ वंशात घातले. त्यांची ही पद्धती सर्वच अभ्यासकांना मान्य झालेली नाही.

बाह्य रूपावर येथे विसंबता येत नाही, हे खरे. अमेरिकेतील ‘सिनेमोसिना’ वंशाचे कोळीही हुबेहूब मुंगीसारखे दिसतात, पण ते याच कुलाच्या अगदी वेगळ्या शाखेतील आहेत. मुंगीचे रूप त्यांना स्वतंत्रपणे लाभले आहे. यास्तव जातीचा निर्णय करताना पूर्ण वाढलेला नर व मादी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात.