ऐकू येणं आणि ऐकणं

मराठीत ‘मी ऐकतो’ आणि ‘मला ऐकू येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वाक्यात मी कर्ता असतो. दुसऱ्यात मी नुसता ‘मला’ होतो. ‘मला आवाज ऐकू येतात’ म्हटलं की क्रियापदसुद्धा आवाजांच्या मागं जातं. व्याकरणाच्या तासाला सरांनी हा फरक फळ्यावर लिहिला तेव्हा मी वही मिटून बसलो. कारण चार वर्षांपूर्वी डॉक्टरांसमोर मी नेमकं हेच वाक्य बोललो होतो. मला स्किझोफ्रेनिया आहे. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी अभ्यासून लिही असं सरांनी सांगितलं, म्हणून हा विषय घेतला.

शब्द आणि गैरसमज

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये वापरात आणला. ग्रीकमधल्या ‘फाटणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या शब्दांपासून तो बनला. मराठीत आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. दोन्ही शब्दांमुळं एक घोटाळा होतो. लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं राहतात. तसं नसतं. विचार, भावना आणि अनुभव यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, एवढाच त्या ‘फाटण्या’चा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण 300 माणसांमागं एकाला हा आजार असतो. सुरुवात बहुधा विशीच्या आसपास, म्हणजे आपल्या कॉलेजच्याच वयात होते.

आवाज कसे असतात

मला दोन आवाज येतात. एक पुरुषाचा. तो माझ्याशी बोलत नाही, माझ्याबद्दल बोलतो : “बघ, उठला. आता चहा घेणार. आता सांडणार.” दुसरा शेजारच्या एखाद्या काकूंसारखा, सतत टोमणे मारणारा. दोघंही अस्सल बेळगावी मराठीत बोलतात, चिडले की कन्नडवर येतात! हे ‘मनात वाटणं’ नव्हे. मागच्या बाकावरून कोणी बोलावं तसं ते कानावर येतं. आवाज येत असताना मेंदूतले भाषेशी आणि ऐकण्याशी संबंधित भाग खरोखरच काम करत असतात, असं मेंदूच्या चित्रणातून दिसलं आहे. स्वतःच्याच आतलं बोलणं मेंदू परक्याचं समजतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

टान्या लुरमन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या अशा लोकांच्या मुलाखती घेतल्या. चेन्नईतल्या अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत होते, आणि ते घरातली कामं सांगत, रागावत, उपदेश करत. म्हणजे आजार मेंदूचा असला तरी आवाज आपल्या घरचे कपडे घालून येतात. माझ्या काकू मला तेव्हा कळल्या.

रोजचा दिवस

सुरुवातीला आईला वाटलं, बाहेरची बाधा आहे. अंगारे झाले, नवस झाले. तिचा दोष नाही, तिला तेवढंच माहीत होतं. मग धारवाडला डॉक्टरांकडं गेलो आणि गोळ्या सुरू झाल्या. आवाज गेले नाहीत, पण लांब गेले. पलीकडच्या खोलीत रेडिओ लागावा तसे.

मागच्या वर्षी वजन वाढलं, वर्गात झोप यायला लागली, म्हणून मी कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पहिले काही दिवस मस्त गेले. तिसऱ्या आठवड्यात खडेबाजारातून चालताना सगळी दुकानं माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटलं. चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही, एक पेपर बुडाला. त्रास डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते, हे मला उशिरा कळलं.

आता रात्री दहाला गोळी, अकराला झोप. जागरण झालं की आवाज चढतात. आवाज आला की आधी आजूबाजूला बघतो : कोणी मान वळवली का? नसेल वळवली, तर तो माझा. फारच झालं तर कानाला इअरफोन लावतो, नाहीतर पुस्तक मोठ्यानं वाचतो.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डॉक्टरांच्या एका वाक्याचा. ते म्हणाले, “ऐकू येऊ दे की. तू त्यांचं ऐकू नकोस.” मराठीत ‘एखाद्याचं ऐकणं’ म्हणजे त्याच्या सांगण्याप्रमाणं वागणं. ऐकू येणं माझ्या हातात नाही. ऐकणं बऱ्याच वेळा आहे.

आपण काय करू शकतो

मित्रमैत्रिणींनो, वर्गातलं कोणी अचानक एकटं राहू लागलं, झोप-जेवण सोडलं, कुणीतरी मागावर आहे असं म्हणू लागलं, तर हसू नका. ‘असं काही नाहीच’ म्हणून वादही घालू नका. ‘तुला भीती वाटत असेल ना?’ एवढं विचारा आणि डॉक्टरांकडं सोबत जा. स्वतःला इजा करायचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना लगेच कळवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तो लिहून ठेवा.

आणि ‘तो स्किझोफ्रेनिक आहे’ असं म्हणू नका. ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे’ म्हणा. फरक एका विभक्तीचा आहे. पण त्या दुसऱ्या वाक्यात आजाराशिवाय आणखीही काही असायला मला जागा उरते. बुडालेला पेपर मी येत्या परीक्षेत देतोय.