चौथ्या मुलीकडे लक्ष दे

अगं, कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघाची कॅप्टन झालीस, किती आनंद झाला म्हणून सांगू! आता जो तो तुला विचारणार, "यंदा पदक ना?" खुशाल हो म्हण. पण मुलींसमोर ध्येय म्हणून तेवढंच ठेवू नकोस. पदक दुसऱ्या कॉलेजच्या मुली कशा धावतात यावरही ठरतं. ध्येय असं हवं, की मंगळवारी पहाटे सरावाला आल्यावर काय करायचं ते त्यातून कळावं.

आणि घड्याळाच्या मागे लागू नकोस. ट्रॅकवरचे चारशे मीटर सगळीकडे सारखेच. क्रॉसकंट्रीत मात्र कुठे चिखल, कुठे चढ, कुठे ढेकळांचं रान. म्हणून तर या प्रकारात जागतिक विक्रम नसतोच. मागच्या मैदानावरच्या वेळेशी या मैदानावरची वेळ ताडून एखादी पोर उगाच खट्टू होते, ते मला बघवत नाही.

तू सांघिक गुणांचं गणित नीट समजून घे. जागतिक स्पर्धेत संघात सहा जणी धावतात, पहिल्या चौघींचे क्रमांक मोजतात, आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वर. आपल्याकडे किती जणी मोजतात ते विद्यापीठाच्या परिपत्रकात आधी बघून घे. समज, चारच मोजल्या. एका संघाची मुलगी पहिली आली, बाकीच्या 14, 15 आणि 40; बेरीज 70. दुसऱ्या संघाच्या 12, 13, 16, 17, बेरीज 58. पहिल्या दहात एकही नाही, तरी हाच संघ पुढे! म्हणून माझं ऐक, यंदाचं ध्येय एकच: पहिली आणि चौथी यांच्यातलं अंतर कमी करायचं. पावसाळा सरताना वेताळ टेकडीवर सगळ्यांना एकदा पळव, अंतर वहीत लिही, आणि महिन्याने त्याच वाटेवर पुन्हा बघ. दोन मिनिटांचं दीड झालं, तर ती कमाई सगळ्यांची.

त्यासाठी हलक्या सरावाच्या दिवशी सगळ्यांनी चौथीच्या वेगाने, गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. जोराच्या दिवशी वेगवान पोरींना मोकळं सोड. आणि शर्यतीसाठी एवढंच ठरवा, की पहिल्या किलोमीटरला उधळायचं नाही, शेवटच्या दोनमध्ये प्रत्येकीने निदान तिघींना मागे टाकायचं. सुरुवातीच्या गर्दीत पोरी जीव खाऊन पळतात आणि पहिल्याच चढावर थकतात.

आता जरा जवळ ये, हे फक्त आपल्यात. "दोन किलो कमी कर" हे ध्येय कुणालाही देऊ नकोस, कुणी दिलं तर कॅप्टन म्हणून मध्ये पड. पाळी थांबली की काही मुलींना वाटतं, सराव मस्त चाललाय. तसं नसतं गं. बहुतेक वेळा अंगात जितकं जातंय त्याहून जास्त खर्च होतंय, आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. पाळी लांबत गेली तर थेट डॉक्टरकडे, लाजायचं नाही. हिमोग्लोबिन मोसमाआधी तपासून घ्या. आणि सरावानंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडलं पाहिजे, शेंगदाण्याचा लाडू, केळं, भाकरी, जे असेल ते. यासाठी डबा आणायचा नियमच कर. सरांना हे सांगायला मुली कचरतात, तुला सांगतील.

ध्येय मध्येच बदललं तर घाबरू नकोस. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायची. ती स्टीपलचेसकडे वळली आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवर भारतीय मुलगी तिथवर गेली होती! तुमच्यातली एखादी दुखापतीतून उठली असेल, एखादीची परीक्षा असेल. त्यांचं ध्येय महिन्याने पुन्हा बसून ठरवा.

पहिली बैठक या आठवड्यातच घे. आधी स्वतः बोलू नकोस, संघातल्या सगळ्यात मागच्या मुलीला बोलू दे. ती काय म्हणाली ते मला रात्री फोन करून सांग.