हिरवळीच्या जागी डायमंडिया

१. लागवड म्हटली की माझ्या मनात अजूनही मृगच येतो. सॅन डिएगोत तो आधी विसरावा लागतो. इथला उन्हाळा कोरडा. पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही वर्षाला जेमतेम २५ सेंटीमीटर. नळाचं बरंचसं पाणी दूरच्या कोलोरॅडो नदीचं. म्हणून आमच्या पुढच्या अंगणातली हिरवळ निघाली आणि जमिनीलगत पसरणारी, कमी पाण्याची डायमंडिया लागली ती दिवाळीच्या सुमारास. तेव्हा जमीन उबदार असते, पाऊस तोंडावर असतो, मुळं निवांत धरतात.

२. कमी पाण्याचं झाड पहिल्या वर्षी कमी पाण्यावर जगत नाही. मला हे सगळ्यात नवं होतं. नर्सरीच्या ट्रेमधून कापलेले तुकडे वीतभर अंतरावर लावतात, आणि त्यांची मुळं अगदी वरवर असतात. पहिला उन्हाळा निभावेपर्यंत त्यांना नेमाने पाणी हवं, मधे माती थोडी सुकू देऊन. निचरा नसेल तर मात्र तीच झाडं कुजतात. पसरतात सावकाश. घाई असलेल्याने लावूच नयेत.

३. पाण्याचा हिशेब पानच सांगतं. वरून करडं-हिरवं, खालून पांढरी लव. तहान लागली की कडा वर वळतात, पांढरी बाजू उन्हासमोर येते आणि ऊन परतवते. अंगण सर्वांत चंदेरी दिसतं तेव्हा ते तहानलेलं असतं, हे कळल्यापासून त्या रूपाकडे मी वेगळ्या मायेने बघते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, अगुल्हासच्या परिसरातल्या या झाडाला नाव मिळालं ते मार्गरेट ड्रायडन-डायमंड यांचं. उन्हाळ्यात त्यावर बारकी पिवळी फुलं येतात आणि मधमाश्या जमिनीलगत फिरू लागतात.

४. खरी कसोटी हरळीची. तुकडे एकमेकांना भिडेपर्यंत मधल्या उघड्या मातीत ती शिरते. तिची खोडं मातीखालून धावतात. कांडं राहिलं की पुन्हा फुटते. डायमंडियात मिसळल्यावर ती वेगळी करणं फार कठीण, म्हणून लावण्याआधीच जमीन साफ करण्यात घातलेला वेळ कधी वाया जात नाही. आणि तरी गणपतीत कुंपणाकडच्या तिच्याच कोवळ्या शेंड्यांची एकवीसची जुडी मी बांधते. वर्षभर जिला खणून काढते, तिच्यासमोर त्या सकाळी बसून एकेक शेंडा निवडताना मला तिच्या चिवटपणाचा आदरच वाटतो.

५. डायमंडिया म्हणजे हिरवळ नव्हे. येता-जाता पाऊल पडलं तर चालतं, रोजचं क्रिकेट ती सोसत नाही. पुढच्या वाटेवर फरशा घातल्या. मागे मुलांसाठी गवताचा एक तुकडा ठेवला आहे. ती तिथे रोज खेळतात, म्हणून त्याला पाणी घालताना मला संकोच वाटत नाही.