मुंबईचा समुद्रकाठ : एका सार्वजनिक कामाचा अभ्यास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि परभणी जिल्ह्याच्या कागदपत्रांचा प्रवास हैदराबादऐवजी मुंबईकडे सुरू झाला. तोवर राजधानीत कामानिमित्त गेलेला मनुष्य सायंकाळी हुसेनसागराच्या बांधावर हिंडावयास जात असे; पुढे त्याची जागा मरीन ड्राइव्हने घेतली. आजही मंत्रालयातील काम आटोपल्यावर, परतीच्या गाडीस अवकाश असल्यास, जिंतूर-गंगाखेडकडील सरपंच नि शिक्षक समुद्राच्या कठड्यावर येऊन बसतात. ज्या जमिनीवरून ते चालत येतात तेथे पूर्वी बॅकबेचे पाणी होते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

समुद्र हटवून जमीन मिळविण्याचा पहिला मोठा प्रयत्न खाजगी होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसास अपूर्व भाव आला आणि बॅकबे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या भागांवर सट्टा चालला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले व कंपनीही बुडाली.

दुसरा प्रयत्न सरकारी होता आणि अभ्यासाच्या दृष्टीने तोच अधिक बोधप्रद आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये मुंबईत विकास खाते स्थापन झाले. वरळी व नायगाव येथील ‘बीडीडी चाळीं’च्या नावात त्याची आद्याक्षरे अद्याप टिकून आहेत. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत सागरी भिंत बांधावयाची, बंदराच्या तळाचा चिखल ड्रेजरने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडावयाचा आणि पाणी निघून गेले की जमीन तयार, अशी ही योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसे.

प्रत्यक्षात ड्रेजरकडून अंदाजाइतका भराव मिळेना, आणि जो मिळे तोही टिकेना. भिंतीच्या दगडांतील फटींतून बारीक चिखल पुन्हा समुद्रात जाऊ लागला. येलदरीसारखे मातीचे धरण पाहिलेल्या वाचकास यातील मर्म चटकन उमजेल. मातीच्या बांधावर दगडांचे पिचिंग करताना खाली खडी व वाळूचा गाळणथर देतात, तो पाणी जाऊ देण्यासाठी व माती अडविण्यासाठी. तो थर नसेल तर वरून बांध शाबूत दिसतो, पण आतून माती निसटत राहते. गावच्या पाझर तलावाचे काम पाहावयास जाणाऱ्या पंचायत सदस्याने पिचिंग रचण्यापूर्वी जावे ते याचसाठी. नंतर दिसतात ते केवळ दगड.

येथे एका लोकप्रतिनिधीचे काम सुरू होते. कायदेमंडळाचे सभासद खुर्शेद फ्रामजी नरिमन हे व्यवसायाने वकील, अभियंता नव्हेत. त्यांनी या खर्चाचा व कामाच्या दर्जाचा सतत पाठपुरावा केला. योजनेस लोक उपहासाने ‘लॉइडचा खुळेपणा’ म्हणू लागले. १९२६ मध्ये चौकशी समिती बसली. हार्वे नावाच्या अभियंत्याने नरिमन यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. योजनेस कात्री लागली आणि मूळ आराखड्याच्या निम्म्याहून कमी जमीन भरून झाली. ज्यांनी या कामावर सर्वाधिक टीका केली, त्यांचेच नाव पुढे त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकास मिळाले! तेच नरिमन पॉइंट.

जी जमीन हाती आली तिचा विनियोग मात्र विचारपूर्वक झाला, हे मान्य केले पाहिजे. सुमारे साडेतीन किलोमीटरचा वक्राकार रस्ता समुद्रालगत ठेवण्यात आला व इमारती रस्त्याच्या आतल्या बाजूस, जवळजवळ एकाच उंचीच्या बांधल्या गेल्या. पाण्याकडील बाजू कोणाच्या अंगणात गेली नाही. १९३० नंतरच्या या आर्ट डेको शैलीच्या इमारती व ओव्हल मैदानापलीकडील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू मिळून ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाला. रस्त्यास नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. लोकांच्या तोंडी ते फारसे रुळले नाही. उत्तरेस गिरगाव चौपाटी लागते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते येथेच.

कठड्याखाली काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे पडलेले दिसतात. त्यांस टेट्रापॉड म्हणतात. त्यांची रचना १९५० मध्ये फ्रान्समध्ये विकसित झाली. सपाट भिंतीवर लाट आपटली की तिचा सारा आघात भिंतीसच सोसावा लागतो. ठोकळ्यांच्या पोकळ्यांत शिरलेली लाट मात्र फुटून क्षीण होते. भरतीच्या वेळी या ठोकळ्यांवर उतरणे जिवावर बेतू शकते. सहलीस विद्यार्थी नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना कठड्याच्या आतच ठेवावे, आणि पावसाळ्यात तर भरतीची वेळ आधी पाहूनच तेथे जावे.

मार्च २०२४ पासून मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठीही समुद्रात भराव घालावा लागला. चौपाटीनजीक हा मार्ग बोगद्यात शिरतो आणि मलबार टेकडीखालून पुढे जातो. वर जुन्या कठड्यावर सायंकाळी माणसे पूर्वीप्रमाणेच बसलेली असतात.